चुकलं कुणाचं? (गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६)



आजच्या नित्यपाठात अठराव्या अध्यायातले चार श्लोक आले. तसे हे श्लोक फार लोकप्रिय नाहीत. फळाची आशा धरू नकोस, असं सांगणारा दुसऱ्या अध्यायातला श्लोक आपल्याकडे टी-शर्टवरसुद्धा दिसतो. या चार श्लोकांच्या वाट्याला ते भाग्य आलेलं नाही, कारण वरवर पाहता ही नुसती यादी वाटते. भगवंत अर्जुनाला सांगतात, की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. शरीराने, वाणीने किंवा मनाने माणूस जे काही करतो, मग ते योग्य असो की अयोग्य, त्यामागे हे पाचही असतात. आणि असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

अधिष्ठान म्हणजे कर्म जिथे घडतं ती जागा, म्हणजे शरीर. कर्ता म्हणजे 'मी करतो' म्हणणारा जीव. करण म्हणजे साधनं, इंद्रियं. चेष्टा हा शब्द मराठीत ऐकला की आपल्याला थट्टा आठवते, पण इथे अर्थ वेगळा आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात चेष्टा म्हणजे प्राण, अपान वगैरे वायूंचे व्यापार. म्हणजे शरीरात आपल्याला न विचारता चाललेल्या हालचाली. आणि दैव म्हणजे इंद्रियांना आतून साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता. पुढे बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ पूर्वकर्म किंवा अदृष्ट असाही घेतला. थोडक्यात, जे आपल्या हिशेबात बसत नाही ते.

बहुतेक प्रवचनांत हे श्लोक यशाच्या बाबतीत सांगितले जातात. प्रमोशन मिळालं? फार फुशारू नकोस, पाचातला एकच तू आहेस. हे बरोबरच आहे. पण मला आज उलट्या बाजूने बघायचंय. काहीतरी वाईट घडतं, तेव्हा आपण लगेच विचारतो, 'चुकलं कुणाचं?' त्या प्रश्नाला हे चार श्लोक काय उत्तर देतात?

उदाहरण आमच्याच घरातलं घेते.

गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली. वय सहासष्ट, तीन ठिकाणी ब्लॉक. छातीतली एक रोहिणी आणि पायातली नीला वापरून डॉक्टरांनी रक्ताला नवे रस्ते करून दिले. पायातली नीला वापरून बायपास करण्याची ही पद्धत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुळवली. आज ती इतकी सरावाची झालीय, की आपण 'बायपास झाली' असं 'दाढ काढली'सारखं बोलतो. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी बाबा खुर्चीत बसले, तीन रंगीत गोळ्यांच्या त्या यंत्रात श्वास ओढून गोळ्या वर नेऊ लागले, खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरू लागले. सगळे खूश.

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत आई आत गेली. बाबांनीच विचारलं म्हणून तिने सांगितलं, की गावच्या जमिनीच्या वाटणीवरून काकांचा फोन आला होता. दोन वाक्यं. मग विषय बदलला. तासाभरात मॉनिटरचा अलार्म वाजायला लागला. ठोके मिनिटाला १४० च्या घरात, आणि त्यांना काही ताळमेळच नाही. एक लवकर, दोन उशिरा, मग एकदम चार. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. बाहेर येऊन नर्सने आम्हाला सांगितलं, तेव्हा आई बाकावर खाली बसली आणि म्हणाली, "मीच केलं हे. मी बोलायला नको होतं."

दादा म्हणाला, "ऑपरेशनमध्येच काहीतरी राहिलं असणार. विचारायला पाहिजे त्यांना."

फोनवर आत्या रडत होती. "अगं, चाळीस वर्षं माळ आहे दादाच्या गळ्यात. एक वारी चुकवली नाही. आणि त्याच्याच वाट्याला हे? मग कशाला करायचं माणसाने?"

आता गंमत बघा. गंमत म्हणवत नाही, पण बघा. एकच घटना, आणि घरातल्या तीन माणसांनी तीन आरोपी पकडले. आईने कर्त्याला पकडलं, म्हणजे स्वतःला. दादाने करणाला, म्हणजे सर्जनच्या हातांना आणि हत्यारांना. आत्याने थेट दैवाला. पाच कारणांपैकी प्रत्येकाने एकेक उचललं आणि 'हेच' म्हटलं. अधिष्ठान आणि चेष्टा या दोघांकडे मात्र कुणी पाहिलंच नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी समजावलं ते नेमकं त्या दोघांबद्दल होतं.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो १९०७ साली दाखवून दिला. तिथून विजेचा हलका स्पंद निघतो, आधी वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात, मग मधल्या एका गाठीपाशी तो क्षणभर थांबतो आणि खालच्या कप्प्यांत उतरतो. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला एक लाख तीन हजारांच्या वर. यातला एकही आपण 'करत' नाही. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा तोडलेल्या असतात, तरी ते नव्या छातीत स्वतःच्या स्वतः धडधडतं. भाष्यातली 'चेष्टा' मला या एका गोष्टीतून जितकी कळली, तितकी शब्दार्थातून कळली नव्हती.

बायपासनंतर या चेष्टेत बिघाड का होतो? कारण अनेक गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. हृदयाभोवतीचं आवरण उघडलेलं असतं, त्यामुळे सूज. शरीरात ॲड्रेनलिनचा पूर. पोटॅशियम, मॅग्नेशियम वरखाली. सलाइनमुळे वाढलेलं पाणी, ताणलेले कप्पे. आणि वय. वय जितकं जास्त, तितका हा धोका जास्त. मग वरच्या कप्प्यांत एका जागी स्पंद निघण्याऐवजी जागोजागी ठिणग्या उडतात, मिनिटाला साडेतीनशेच्या वर. मधली गाठ त्यातल्या बऱ्याचशा अडवते, म्हणून तर माणूस वाचतो. पण जे निसटून खाली येतात ते वेळीअवेळी येतात.

आणि हे दुर्मीळ नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या या त्रासावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात २१०९ रुग्ण होते. त्यातल्या ६९५ जणांना हाच त्रास झाला, म्हणजे तिघांत एकाला. त्यात झडपांची ऑपरेशनंही होती. नुसत्या बायपासमध्ये प्रमाण थोडं कमी असतं. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तो होतो. बाबांचा तिसरा दिवस होता.

डॉक्टरांचं ऐकून दादा गप्प झाला. आई मात्र नाही. रात्री जेवताना ती म्हणाली, "तिघांतल्या एकाला होतं म्हणतात. मग उरलेल्या दोघांच्या बायका गप्प बसल्या असतील."

मित्रांनो, या वाक्यापुढे आकडेवारी थिटी पडते. आणि खरं सांगायचं तर आईचं म्हणणं शंभर टक्के खोटं आहे, असं कुणीही सांगू शकत नाही. ताणाने ॲड्रेनलिन वाढतं आणि ॲड्रेनलिन हे या बिघाडाचं एक कारण आहे. ती दोन वाक्यं बोलली नसती तर ते झालंच नसतं का? कदाचित तरीही झालं असतं. कदाचित चार तासांनी, कदाचित रात्री झोपेत. हे कधीच कळणार नाही. आईला बरं वाटावं म्हणून 'तुझा काहीच संबंध नाही' असं छातीठोक सांगणं सोपं होतं. पण ते तिला पटलं नसतं, आणि ते पूर्ण खरंही नव्हतं.

इथे मला हे चार श्लोक वेगळे वाटतात. भगवंत असं म्हणत नाहीत, की तू कर्ता नाहीस. कर्ता यादीत आहे, चांगला दुसऱ्या क्रमांकावर आहे. ते एवढंच म्हणतात, की तू एकटा नाहीस. 'माझा काही संबंध नाही' आणि 'सगळं माझ्यामुळेच' या दोन्हींच्या मधली ही जागा आहे, आणि उभं राहायला ती सगळ्यात अवघड आहे. आपल्याला एकच आरोपी हवा असतो. तो सापडला की मन थांबतं, मग तो आपण स्वतः का असेना.

आणखी एक गोष्ट. सोळाव्या श्लोकात ज्याला नीट दिसत नाही असं म्हटलंय, तो कोण? केवळ स्वतःला कर्ता मानणारा. आपण धरून चालतो, की हा माणूस गर्विष्ठ असणार, 'मी हे उभं केलं' म्हणत मिरवणारा. पण 'मीच बिघडवलं' म्हणणाराही त्याच रांगेत उभा नाही का? एकाने श्रेय एकट्याने घेतलं, दुसऱ्याने दोष एकट्याने घेतला. दोघांनीही उरलेली चार कारणं पुसून टाकली. अपराधीपणात नम्रता दिसते, म्हणून त्यातला 'मी' पटकन ओळखू येत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांना हे माहीत असेल. घरापासून लांब नोकरी करताना आई-वडील आजारी पडले, की रात्री दोन वाजता आपण आपल्यावर जो खटला चालवतो, त्यात साक्षीदार किती असतात? एकही नाही. आरोपी, वकील आणि न्यायाधीश आपणच.

पण ज्ञान कधी सांगायचं, यालाही शहाणपण लागतं. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या बाईला गीतेतला सोळावा श्लोक सांगायचा नसतो. तिच्या हातात पाण्याची बाटली द्यायची असते. हे मी आईशी बोलले ते बाबा घरी आल्यावर, मेथी निवडताना. मेथीचाच विषय निघाला होता. बाबांना रक्त पातळ ठेवण्याची वॉरफरीनची गोळी होती, आणि त्या गोळीवर असताना पालेभाजी एकदम वाढवायची किंवा एकदम बंद करायची नसते, कारण तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम बदलतो. म्हणून आई पाव जुडी मोजून घेत होती. मी म्हटलं, "आई, बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट नीट येतोय, त्याचं श्रेय तुझ्या या पाव जुडीला देशील का?" ती म्हणाली, "वेडी आहेस का, गोळी आहे, डॉक्टर आहेत, त्यांचं शरीर आहे. मी काय नुसती भाजी मोजते." मी काहीच बोलले नाही. ती निवडता निवडता थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "कळलं काय म्हणतेस ते." पटलं, असं नाही म्हणाली. कळलं म्हणाली. तेवढं पुरे होतं.

आता बाबांकडे येते, कारण या श्लोकांची दुसरी धार तिथे लागते.

हॉस्पिटलमध्ये औषधांनी आधी ठोक्यांचा वेग खाली आणला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताल आपला आपण परतला. वर सांगितलेल्या त्या अभ्यासात हाच प्रश्न तपासला होता. काही रुग्णांत फक्त वेग आटोक्यात ठेवला, काहींत औषधं देऊन, गरज पडल्यास विजेचा झटका देऊन ताल परत आणायचा प्रयत्न केला. हॉस्पिटलमधले दिवस दोन्हीकडे जवळपास सारखेच लागले, आणि दोन महिन्यांनी दोन्ही गटांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचा ताल स्थिर होता. बाबा भजनात टाळ धरतात. त्यांना हे लगेच कळलं. म्हणाले, "पखवाज सुटला की टाळकऱ्याने जोर करायचा नसतो. लय खाली घ्यायची आणि धरून ठेवायची. तो येतो समेवर."

पण तीन आठवड्यांनी, एकादशीच्या सकाळी, त्यांनी रक्त पातळ करण्याची गोळी बाजूला ठेवली. म्हणाले, "नाडी बघ, घड्याळासारखी चाललीय. पांडुरंगाने ताल परत दिला, आता तोच सांभाळेल. त्याच्यावर भरवसा ठेवायचा आणि वर गोळीही खायची, म्हणजे भरवसा कसला?"

मित्रांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाळीस वर्षं माळ घातलेल्या माणसाच्या तोंडून तो निघतो, तेव्हा त्यात खोटेपणा नसतो. आणि धोकाही खरा असतो. वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, तेव्हा डाव्या बाजूच्या एका छोट्या खिशासारख्या भागात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. हा बिघाड गुपचूप परतूही शकतो, माणसाला काही जाणवत नाही. म्हणून ताल परतल्यावरही काही आठवडे गोळी चालू ठेवायची असते. आमच्या डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. किती दिवस, कुठली, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरनेच ठरवायचं. मनाने बंद करायची नाही.

बाबांना हे सगळं माहीत होतं. माहिती कमी पडत नव्हती, श्रद्धेचा अर्थ अडत होता. म्हणून मी पोथी उघडून हेच श्लोक वाचले आणि विचारलं, "बाबा, भगवंतांनी पाच कारणं सांगितली. दैव पाचवं. तुम्ही पाचवं ठेवून आधीची चार का काढून टाकताय? करण पण त्यांनीच सांगितलंय ना? गोळी करणात येते."

बाबा बराच वेळ पोथीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्याने दिलेलं साधन मी त्यालाच परत करत होतो, 'तूच कर' म्हणून."

आणि पाण्याचा पेला मागितला. उपवास होता, पण पाण्याबरोबर गोळी घेतली. त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा ज्ञानेश्वरीशेजारी असतो. हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

आत्याचा प्रश्न मात्र उरतोच. वारी करून उपयोग काय, मग? या श्लोकांत भक्तीने रोग टळेल असा शब्दही नाही. अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि ते सहासष्टाव्या वर्षी सहासष्ट वर्षांचंच असतं, माळ असो की नसो. आमचं नीट झालं म्हणून मी हे लिहू शकतेय, हेही मला ठाऊक आहे. ज्यांचा ताल परतला नाही, ज्यांच्या घरी नंतर पक्षाघात झाला, त्यांनी काय कमी भक्ती केली होती? नाही. त्यांना 'तुमचं प्रारब्ध' म्हणणं हे तर दैवाचा दगड करून दुखऱ्या माणसाला मारणं आहे. दैव पाचवं सांगितलंय ते आपल्याला थांबून गप्प राहता यावं म्हणून, दुसऱ्याकडे बोट दाखवता यावं म्हणून नाही.

मग भक्ती कुठे लागते? मला वाटतं, पाचही कारणांकडे एकदम बघायचं बळ त्यातून येतं. भीती वाटली की नजर अरुंद होते, एकच कारण दिसतं, एकच आरोपी दिसतो. नाम घेताना श्वास जरा लांबतो, मन जरा खाली बसतं, आणि उरलेली चार दिसायला लागतात. आत्याला मी एवढंच म्हटलं, "चाळीस वर्षं वारी केली म्हणून बाबांना हे झालं नाही, असं झालं नाही. पण ताल सुटल्यावर लय खाली घेऊन धरून ठेवायची असते, हे ते वारीतच शिकले." तिला ते पुरलं की नाही, मला ठाऊक नाही. ती या वर्षीही वारीला निघाली, हे ठाऊक आहे.

आजचा संकल्प छोटासा. आज दिवसभरात काहीतरी बिघडेल. क्लायंट ओरडेल, लोकल चुकेल, घरी कुणाचा रिपोर्ट वाईट येईल. 'चुकलं कुणाचं?' असं मनात आलं, की पाच बोटं मोजायची. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा, दैव. त्यातला आपला वाटा जेवढा असेल तेवढा ओळखायचा आणि तेवढं काम करायचं. जास्त नाही, कमी पण नाही. आणि घरात कुणी पाचांचा भार एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसलं असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन आधी पाणी द्यायचं. श्लोक नंतर.

उद्या पुढचा, सतरावा श्लोक बघू.

रामकृष्ण हरी.